अंडवाहिनी परीक्षा

अंडवाहिनी परीक्षा : स्त्रीच्या दोन्ही अंडवाहिन्यांचा मार्ग मोकळा आहे की नाही, हे ठरविण्यासाठी वंध्यत्वाच्या तपासणीत करण्यात येणारी परीक्षा. इटालियन शारीरज्ञ गाब्रिएले फाल्लोप्यो यांनी १५६१ मध्ये या नलिकांचे वर्णन केले व त्यांच्यावरून त्यांना ‘फॅलोपिअन नलिका’ हे नाव मिळाले. प्रत्येक नलिका सु. १० ते १२ सेंमी. लांब असते. गर्भाशयाच्या भित्तीतून जाणाऱ्या तिच्या भागाची पोकळी जेमतेम १ मिमी. किंवा त्याहूनही कमी असते. अंडे आणि शुक्राणू यांचे मीलन नलिकेच्या बाहेरील रुंद भागात होते. फलित अंडे नंतर तीन-चार दिवसांत गर्भाशयात पोहोचते. म्हणून दोन्ही नलिका बंद असल्यास इतर सर्व अवयव निर्दोष असूनही नैसर्गिक रीत्या गर्भधारणा होत नाही.

नलिका बंद होण्यास बहुधा पूर्वी होऊन गेलेला शोथ कारणीभूत असतो. परमा व क्लॅमिडिया यांचा संसर्ग, प्रसूती वा गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग, फुटलेले आंत्रपुच्छ ही त्याची नेहमीची कारणे होत. भारतात जननेंद्रियांच्या क्षयरोगाचा विचार प्रकर्षाने करावा लागतो. हा रोग पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखविता नलिका निकामी करतो व मूल होत नाही म्हणून तपासणी झाली, तरच उघडकीस येतो.

ही परीक्षा सहजगत्या करावयाची नसते. तिच्यापूर्वी पतीच्या वीर्याची तपासणी झालेली असावी. ती सोपी व वेदनारहित असते आणि वंध्यत्वाचे कारण पुष्कळ जोडप्यांत पुरुषाकडे किंवा दोघांकडेही असते. केवळ पत्नीलाच तपासणीस पाठविण्याची रीत समाजात रूढ असली, तरी तिला शास्त्राचा आधार नाही.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ञ आयझिडॉर क्लिंटन रुबिन यांनी १९२० मध्ये गर्भाशयात वायू सोडून नलिकांची परीक्षा करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वायू प्रथम ऑक्सिजन होता, पुढे कार्बन डाय-ऑक्साइड वापरण्यात येऊ लागला. वायू उदरगुहेत पोहोचला की दाबमापकातील दाब उतरतो आणि मध्यपटल डिवचले गेल्यामुळे स्त्रीच्या खांद्यात कळ येते; ही कळ शुभचिन्ह मानली जाई. मात्र कोणती नलिका बंद आहे व कोठे, हे या पद्धतीने समजत नसे. त्यामुळे ती मागे पडली.

सध्या सर्वाधिक प्रचारात असलेली पद्धत म्हणजे गर्भाशय व अंडवाहिन्या यांचे क्ष-किरण चित्रण. मासिक पाळी थांबल्यावर, साधारणपणे पाळीच्या सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ते करतात. कारण त्या वेळी गर्भ राहिलेला असण्याचा संभव नसतो. गर्भारपण, चालू जंतुसंसर्ग अथवा रक्तस्राव असल्यास ते करीत नाहीत. आयोडिनयुक्त औषधांची अधिहृषता असल्यास तसे आधीच सांगणे आवश्यक असते. स्त्रीला क्ष-किरण मेजावर उताणे निजवून गर्भाशयाच्या ग्रीवेतून बारीक नळी आत घालतात व ५ ते १० मिलि. आयोडिनयुक्त द्रव हळूहळू सोडतात. पडद्यावर प्रथम गर्भाशयाची त्रिकोणी पोकळी व मग दोन्ही बाजूंच्या धाग्यासारख्या नलिका दिसतात. शेवटी द्रव उदरगुहेत पसरलेला दिसला, म्हणजे मार्ग मोकळा समजतात. हे सर्व दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. गर्भाशय ताणले जाताना पाळीतील कळांसारख्या, क्वचित त्याहून तीव्र कळा येतात. म्हणून तासभर आधी वेदनाशामक औषध देतात. द्रव घाईने सोडल्यास वेदना वाढतात. नंतर एक-दोन दिवस थोडे रक्त जाणे स्वाभाविक होय. ताप, वाढती पोटदुखी किंवा दुर्गंधी स्राव मात्र जंतुसंसर्गाची चिन्हे असल्याने तत्काळ उपचार करावे लागतात.

अहवालातील ‘नलिका बंद’ हे शब्द जोडप्यास अंतिम निर्णयासारखे वाटतात. तसे ते नेहमीच नसतात. नलिका गर्भाशयास मिळते तेथील स्नायू वेदनेने किंवा भीतीने आकुंचन पावल्यास मोकळी नलिकाही बंद दिसते. अशा वेळी परीक्षा पुन्हा करतात अथवा उदरांतर्दर्शन करतात. त्यात भूल देऊन बेंबीजवळील छोट्या छेदातून दुर्बीण घालतात व खालून सोडलेला निळा रंग नलिकांच्या टोकांतून बाहेर येतो की नाही, ते प्रत्यक्ष पाहतात. भोवतालच्या बंधांचीही त्यामुळे माहिती मिळते. श्राव्यातीत तरंगांच्या साहाय्याने करावयाच्या परीक्षेत क्ष-किरण लागत नाहीत. उलट नलिका मोकळी दिसली, तरी तिचे अंतःस्तर निरोगी आहे असे सिद्ध होत नाही.

या चित्रणाचा उपचार म्हणूनही थोडा उपयोग होतो. नेदर्लंड्समधील २७ रुग्णालयांत १,११९ स्त्रियांवर केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तैल द्रव वापरलेल्यांपैकी ३९.७ टक्के, तर जलीय द्रव वापरलेल्यांपैकी २९.१ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांत गर्भधारणा झाली. या स्त्रियांत नलिकारोगाचा संभव मुळातच कमी होता. तैल द्रव रक्तवाहिन्यांत शिरण्याचा व अवटू ग्रंथीचे कार्य बिघडण्याचा धोकाही ध्यानात घ्यावा लागतो.

दोन्ही नलिका खरोखरच निकामी असल्यास शरीराबाहेर फलन घडविण्याचा मार्ग उरतो. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये या पद्धतीने जन्मलेल्या पहिल्या बालिकेच्या मातेच्या नलिका बंदच होत्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बालक जन्मास आले. नलिका द्रवाने फुगलेली असल्यास तो द्रव गर्भाशयात झिरपून गर्भाच्या रोपणास बाधा आणतो. म्हणून गर्भ गर्भाशयात ठेवण्यापूर्वी ती काढून टाकतात किंवा गर्भाशयाजवळ बांधून बंद करतात.