१२००च्या रेघेच्या आत

टाटांच्या जुन्या डिझेल इंजिनांना नावं नसायची, नुसते आकडे असायचे, आणि वाचता येणाऱ्याला ते पुरेसे असायचे. ४८३ म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८३ मिलिमीटर. १९९१ची सिएरा, तिच्या मागोमाग आलेली इस्टेट आणि १९९४ची सुमो, तिघींच्या बॉनेटखाली हेच इंजिन होतं. १९४८ सीसी, टर्बो नाही, ताकद साठ-पासष्ट अश्वशक्ती. सुमोत आठ-दहा माणसं कोंबून आणि टपावर सामान बांधून बोरघाट चढलेल्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. एसी असलाच तर ड्रायव्हर पायथ्याशीच तो बंद करायचा. मग काचा खाली, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, आणि मागून येणाऱ्याच्या नशिबी काळा धूर.

याचा दोष ड्रायव्हरचाही नव्हता आणि इंजिनिअरचाही. साधं, म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन बाहेरच्या हवेच्या दाबावर जगतं. पिस्टन खाली गेला की आपसूक जेवढी हवा आत येईल तेवढीच, आणि जेवढी हवा तेवढंच इंधन नीट जळणार. त्या काळ्या धुरात हवेअभावी अर्धवट जळलेलं डिझेलच असायचं. जास्त ताकद हवी असेल तर इंजिन मोठं करा, जास्त वेगानं फिरवा, नाहीतर हवा दाबून आत घाला. शेवटचा उपाय म्हणजे टर्बो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे पाठवतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ सालीच घेतलं होतं.

युरोपात टर्बोचं नाव गाजलं ते शर्यतींमुळे आणि पोर्शे, साब यांच्या वेगवान गाड्यांमुळे. आपल्याकडे तो ओझं ओढायला आला. १९९३मध्ये टाटा आणि कमिन्स यांची जमशेदपूरची कंपनी उभी राहिली आणि टर्बो लावलेली सहा सिलिंडरची इंजिनं ट्रकांत बसू लागली. आमच्या पिढीनं टर्बो हा शब्द आधी ट्रकवर वाचला, गाडीवर नंतर. सिएराला टर्बो मिळाला १९९७मध्ये, आणि १९९८ची सफारी आलीच टर्बो घेऊन. त्याबरोबर गॅरेजमध्ये नवी शिस्त आली. घाट चढून आल्यावर चावी लगेच फिरवायची नाही, इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवायचं. कारण मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारं ते चक्र ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतं. इंजिन बंद केलं की ऑइलचा पुरवठा थांबतो आणि तापलेल्या दांड्यावर उरलेलं ऑइल जळून त्याची काजळी धरते. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचा टर्बो ‘ऑइल खायला’ लागायचा, आणि मग मिस्त्रीचं बिल यायचं.

हे सगळं हाताशी असताना १९९८च्या डिसेंबरात पुण्यातून बाहेर पडलेल्या इंडिकात टर्बो नव्हता. तिचं इंजिन ४७५, म्हणजे व्यास ७५ मिलिमीटर, १४०५ सीसी, पन्नासच्या वर जेमतेम सरकलेली अश्वशक्ती. त्या इंजिनाची पुढे खूप टिंगल झाली. मला ती कधीच पटली नाही. इंडिका घेणारा पहिल्यांदाच गाडी घेत होता किंवा टॅक्सी चालवत होता. त्याला स्वस्त डिझेलवर चालणारी आणि तालुक्याच्या गावीही दुरुस्त होणारी गाडी हवी होती. टर्बो, इंटरकूलर आणि त्यांचे पाइप लावून किंमत वाढवली असती तर गाडी चांगली झाली असती, पण खपली नसती. मारुतीनंही झेन आणि एस्टीमसाठी प्यूजोचं दीड लिटरचं डिझेल इंजिन घेतलं, तेही बिनटर्बोचंच.

पेट्रोलवाल्यांची वाट निराळी होती. डिझेल इंजिन पाच हजार फेऱ्यांच्या आसपास थकतं, पेट्रोलचं त्याच्या पुढे पळू शकतं. होंडानं नेमकं तेच केलं. दोन हजारच्या सुमाराला सिटी व्हीटेक आली तेव्हा तिच्या १४९३ सीसीतून शंभरावर अश्वशक्ती निघत होती, टर्बोशिवाय. ठरावीक फेऱ्यांनंतर व्हॉल्व्ह जास्त उघडायचे आणि इंजिनाचा आवाजच बदलायचा. पण ती ताकद वर, खूप वर होती. रोज लक्ष्मी रोडच्या गर्दीतून गाडी काढणाऱ्याला तिचं दर्शन वर्षातून दोनदा घडलं तरी पुष्कळ.

मग २००६चा अर्थसंकल्प आला. माझ्या मते भारतीय इंजिनाच्या इतिहासात कुठल्याही संशोधन केंद्रापेक्षा तो दिवस मोठा आहे. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं आणि छोटी गाडी कशाला म्हणायचं तेही सांगितलं. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५००च्या आत. त्यानंतर आरसी बुकांत ११९७, ११९८, ११९९ असे आकडे दिसू लागले. स्विफ्टचं १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन २०१०मध्ये ११९७चं झालं. डिझायर तर २०१२मध्ये चक्क मागून कापली आणि ३९९५ मिलिमीटरवर आणून बसवली. ती शेपूट ज्यांनी पाहिली आहे ते कर कसा दिसतो हे डोळ्यांनी पाहून आले आहेत.

डिझेलच्या बाजूला या नियमानं फियाटच्या मल्टिजेटचं नशीब उघडलं. १२४८ सीसी, कॉमन रेल, टर्बो. जानेवारी २००७मध्ये ते स्विफ्टमध्ये आलं तेव्हा ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क देत होतं. इंडिकाच्या ४७५पेक्षा लहान इंजिन आणि टॉर्क दुपटीहून जास्त. मारुती ते मानेसरला बनवायची, फियाट आणि टाटा रांजणगावला. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, पुढे शेवरोलेची सेल, जिथे पाहावं तिथे तेच. वाहनपत्रकार त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. त्याच इंजिनाला चक्राभोवतीच्या पात्यांची दिशा बदलणारा टर्बो लावला की ९० अश्वशक्ती मिळायची, साध्या टर्बोवर ७५.

दोष एकच, पण घाटात जाणवणारा. दोन हजार फेऱ्यांच्या खाली ते निजलेलं असायचं. हेअरपिन वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये सापडलात तर अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही काही होत नसे, आणि झालं की सगळं एकदम व्हायचं. सुमोचा ड्रायव्हर मंद असला तरी त्याला गाडी काय करणार हे ठाऊक होतं. स्विफ्टवाल्याला ते शिकावं लागलं. तरी लोकांनी तक्रार केली नाही, कारण २०१२च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर आणि डिझेल ४१च्या आत होतं. बत्तीस रुपयांच्या फरकापुढे हा उशीर, हा लॅग कोण मोजतो?

ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे भाव सरकारच्या नियंत्रणातून सुटले आणि हा हिशेब ढासळू लागला. त्याआधीच, २०१३मध्ये, दोन पेट्रोल टर्बो बाजारात आले होते. चाकणची पोलो जीटी टीएसआय आणि फोर्डची एक लिटरची इकोस्पोर्ट. पेट्रोलला टर्बो सोसत नाही हे जुनं दुखणं आहे. दाबून गरम झालेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेट घेतं, इंजिन ‘नॉक’ करतं. फोर्डनं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारून आतली हवा थंड केली आणि ९९९ सीसीतून १२५ अश्वशक्ती काढली. टाटांनी आपल्या रेव्होट्रॉनमध्ये हा महागडा उपाय टाळला. जुन्याच पद्धतीनं पेट्रोल बाहेर, मॅनिफोल्डमध्ये सोडलं, दाब बेताचा ठेवला. २०१७च्या नेक्सॉनला ११९८ सीसीतून ११० अश्वशक्ती मिळाली. कागदावर फोर्ड सरस. पण त्याच २०१७मध्ये फोर्डनं इकोस्पोर्टमधून ते बक्षीसपात्र इंजिन काढलं आणि दीड लिटरचं साधं इंजिन बसवलं, १२३ अश्वशक्तीचं. पुढच्या वर्षी टर्बो एका महागड्या आवृत्तीपुरता परत आला. नेक्सॉनचा टर्बो मात्र टिकला.

अ‍ॅव्हरेजबद्दल ग्राहकाची फसगत झाली ती इथेच. लहान टर्बो इंजिन हलक्या पायाला काटकसरी असतं. पाय जड झाला की टर्बो हवा भरतो, हवेमागे पेट्रोल जातं, आणि चाचणीतला आकडा ब्रोशरमध्येच राहतो.

एप्रिल २०२०मध्ये धुराचे बीएस-सहा निकष आले आणि मल्टिजेटचं भारतातलं आयुष्य संपलं. मारुतीनं डिझेल सोडलंच. ब्रेझात दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन आलं, त्यासाठी कंपनीनं १२००ची सवलतही सोडून दिली. टर्बो पेट्रोलशी मारुतीची सोयरीक अर्धवटच राहिली होती. बलेनो आरएस २०१७मध्ये आली आणि तीन वर्षांत गेली.

या सगळ्या काळाचा आलेख एकाच घराण्यात पाहायचा तर टोयोटाकडे पाहावं. २०००ची क्वालिस, २४४६ सीसीचं साधं डिझेल, ७५ अश्वशक्ती. २००५ची इनोव्हा, अडीच लिटरचं टर्बो डिझेल. शिर्डी आणि अष्टविनायकाच्या फेऱ्यांनी तिला घराघरांत पोहोचवलं. आणि २०२२ची हायक्रॉस, जिच्यात पुन्हा टर्बो नाही. तिच्या संकरित आवृत्तीतलं दोन लिटरचं पेट्रोल इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीनं चालतं. म्हणजे आत आलेली थोडी हवा मुद्दाम परत जाऊ देतं, ताकद कमी पत्करतं आणि इंधन वाचवतं. खालच्या फेऱ्यांची उणीव विजेची मोटर भरून काढते, तीही लॅगशिवाय. जे काम टर्बोकडे होतं ते मोटरकडे गेलं. ग्रँड विटारा आणि होंडा सिटीच्या संकरित आवृत्त्याही याच वाटेनं गेल्या. भाड्यानं गाड्या चालवणाऱ्यांनी मात्र डिझेल इनोव्हा क्रिस्टा सोडली नाही, आणि २०२३मध्ये टोयोटानं ती मॅन्युअल गिअरसह पुन्हा विकायला काढली.

त्याच वर्षी मारुतीनं फ्रॉन्क्स आणली आणि एकाच गाडीत दोन्ही पर्याय दिले, ११९७ सीसीचं साधं ९० अश्वशक्तीचं, ९९८ सीसीचं टर्बो १०० अश्वशक्तीचं. टॉर्क ११३ विरुद्ध १४८. माझी निवड विचाराल तर महिन्यातून दोनदा कोकणात उतरणाऱ्यानं टर्बो घ्यावा, बाकीच्यांनी साधं. दोन्ही १२००च्या आत बसतात. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे दर बदलले, छोट्या गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. छोटी गाडी कुठली, याची व्याख्या मात्र कोणी हलवली नाही. चार मीटर, १२००, १५००.