कुंभकोणम, रामानुजन आणि बेकायदा मूळसंख्या

कुंभकोणमला सारंगपाणी मंदिरासमोरच्या गल्लीत एक बसकं, कौलारू घर आहे. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन इथे वाढले. शास्त्र विद्यापीठाने ते जतन केलं आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाहता येतं. तंजावरच्या भोसल्यांमुळे हा कावेरीकाठ मराठी माणसाला तसा परका नाही, आणि गणिताचं वावडं असलेल्यांनाही तिथली डिग्री कॉफी ठाऊक असते. आज मात्र या गावाची आठवण काढायची ती लिनक्सवर न चालणाऱ्या डीव्हीडीच्या निमित्ताने.

२०११ साली तमिळनाडू सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळा-कॉलेजांतल्या मुलांना फुकट लॅपटॉप वाटायला घेतले. योजना राज्यभराची होती, म्हणजे कुंभकोणमची मुलंही त्यात आली. सुरुवातीच्या लॅपटॉपांवर विंडोजच्या जोडीला ‘बॉस’ होती, म्हणजे चेन्नईच्या सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभी केलेली भारतीय लिनक्स. कितीतरी घरांची लिनक्सशी पहिली गाठ अशी सरकारी योजनेतून पडली.

लिनक्सवर नव्याने आलेला माणूस, मग तो कुंभकोणमचा असो की कोल्हापूरचा, एका ठिकाणी हमखास अडतो. दुकानातून रीतसर विकत आणलेली सिनेमाची डीव्हीडी तो ड्राइव्हमध्ये घालतो. फायलींची नावं दिसतात, पण चित्र दिसत नाही. दिसलंच तर हिरवे-गुलाबी चौकोन नाचतात. ‘लिनक्सला डीव्हीडी चालवता येत नाही’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. हा निकाल चुकीचा आहे. अडथळे दोन आहेत, दोन्ही माणसांनी घातलेले आहेत, आणि ते वेगवेगळे आहेत.

पहिला कोडेकचा. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीने आवळलेलं असतं आणि आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीने. ही गाठोडी सोडवणारा प्रोग्रॅम म्हणजे कोडेक. या पद्धतींवर पेटंट होती आणि दर प्रतीमागे पैसे भरावे लागत. जी गोष्ट फुकट वाटायची, तिच्या प्रत्येक प्रतीचे पैसे कोण भरणार? म्हणून फेडोरासारख्या लिनक्स वितरणांनी हे कोडेक बाहेरच ठेवले. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, अल्गोरिदम किंवा निव्वळ संगणक-प्रोग्रॅम यांवर पेटंट मिळत नाही. रामानुजनच्या देशाला शोभेलसंच हे कलम आहे. अमेरिकेत एसी-३ ची पेटंट २०१७ मध्ये संपली, एमपेग-२ ची २०१८ च्या फेब्रुवारीत. त्यामुळे ही अडचण आता नावापुरती उरली आहे. गंमत म्हणजे विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनेही परवान्याचा खर्च नको म्हणून डीव्हीडी चालवण्याची सोय मूळ विंडोजमधून काढून टाकली. त्यावर ‘विंडोजला डीव्हीडी चालवता येत नाही’ असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

दुसरा अडथळा कुलपाचा. १९९६ मध्ये आलेल्या या कुलपाचं नाव सीएसएस. डीव्हीडीवरची माहिती २०४८ बाइटच्या कप्प्यांत असते. कुलूप लावलेल्या कप्प्यातले पहिले १२८ बाइट मोकळे आणि बाकीचे घुसळलेले असतात. ते सरळ करायला किल्ली लागते, आणि किल्ली म्हणजे एक संख्या. ती ४० बिटांची, अमेरिकेच्या त्या वेळच्या निर्यात-निर्बंधांत बसेल इतपत. अशा संख्या सुमारे १.१ लाख कोटी होतात. ऐकायला अवाढव्य वाटतं, पण रचना इतकी कच्ची होती की सुमारे ३ कोटी ३५ लाख शक्यता तपासून काम भागतं, असं फ्रँक स्टीव्हनसन यांनी १९९९ मध्येच दाखवलं. साध्या संगणकालाही हे काही सेकंदांचं काम.

पण खरा दोष गणितातला नाही, कल्पनेतला आहे. डीव्हीडी पाहायची तर प्रत्येक प्लेअरमध्ये किल्ली असायलाच हवी. म्हणजे दाराला भक्कम कुलूप घालून किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची आणि पायपुसणं उचलणाऱ्याला चोर म्हणायचं. शिवाय कारखान्यात चकत्या काढणारा बनावट डीव्हीडीवाला कुलपासकट चकती जशीच्या तशी छापतो. त्याला किल्लीची गरजच पडत नाही. तेव्हा या कुलपाने अडवलं कोणाला? ज्यांनी परवाना घेतला नाही अशा प्लेअरना. चोरीपेक्षा बाजारपेठेवरच्या ताब्याशी त्याचा संबंध जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९९९ मध्ये झिंग नावाच्या कंपनीच्या प्लेअरमध्ये ही किल्ली नीट न लपवता राहून गेली होती. ऑक्टोबरमध्ये नॉर्वेचा पंधरा वर्षांचा योन लेक योहानसेन आणि त्याचे दोन निनावी साथीदार यांनी ‘डीसीएसएस’ हा कुलूप उघडणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. योहानसेनवर खटला भरला गेला. आपली स्वतःची डीव्हीडी पाहणं हा गुन्हा नाही, असं म्हणत ओस्लोच्या न्यायालयाने त्याला जानेवारी २००३ मध्ये सोडलं. अपिलातही त्या डिसेंबरात तो सुटला. अमेरिकेत वारं उलटं होतं. १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी ऑगस्ट २००० मध्ये ‘२६००’ या नियतकालिकाला तो प्रोग्रॅम देण्याची, अगदी त्याचा दुवा देण्याचीही मनाई केली.

मग लोकांना चेव चढला. कोणी तो प्रोग्रॅम टी-शर्टवर छापला. एमआयटीतल्या दोघांनी कुलूप उघडण्याचं काम सात ओळींत बसवलं. सगळ्यात नामी युक्ती फिल कार्मडी यांची, मार्च २००१ ची. संगणकातली कोणतीही फाइल म्हणजे शेवटी शून्य-एकांची रांग, आणि अशी रांग म्हणजे एक मोठी संख्या. कार्मडींनी डीसीएसएसची आवळलेली फाइल घेतली. फाइल उलगडणारं साधन तिच्या शेपटीला जोडलेल्या जादा बाइटांकडे दुर्लक्ष करतं. मग त्या शेपटीतले आकडे बदलत बदलत त्यांनी मूळसंख्या गाठली. १४०१ अंकी! ती संख्या लिहून ठेवा, उलगडा, आणि बंदी घातलेला प्रोग्रॅम हातात. मूळसंख्या कोणी निर्माण करत नाही, ती असतेच. तिच्यावर बंदी घालायची तरी कशी?

इथे कुंभकोणमचं ते घर पुन्हा आठवतं. एवढ्या मोठ्या संख्यांच्या गर्दीत मूळसंख्या किती विरळ असतील? १४०१ अंकांच्या आसपास साधारण दर ३,२०० संख्यांमागे एक. म्हणजे शोध चिकाटीचा आहे, पण अशक्य नाही. हा अंदाज ज्या नियमातून येतो, तो रामानुजननी युरोपातल्या सिद्धतांची वार्ता नसताना स्वतःच शोधून काढला होता. १९१३ मध्ये इंग्लंडमधले गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेल्या पहिल्याच पत्रात त्यांनी मूळसंख्यांचं अचूक गणित जमल्याचा दावा केला. अचूकतेचा तो दावा टिकला नाही, पण त्यांचं सूत्र अफाट जवळ जाणारं होतं.

रामानुजनच्या स्मरणार्थ भारताने २०१२ हे राष्ट्रीय गणित वर्ष म्हणून साजरं केलं. त्याच वर्षी कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण एका महत्त्वाच्या अटीवर : हेतू हक्कभंगाचा असला पाहिजे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी केलेली कृती या कलमात येत नाही. विकत घेतलेला सिनेमा घरी बसून पाहणं आणि त्याच्या प्रती काढून विकणं यांत आपला कायदा फरक करतो. अमेरिकेपेक्षा हे शहाणपणाचं आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं? आधी व्हीएलसी टाका. त्यात कोडेक असतात, बिनकुलपाची डीव्हीडी तेवढ्यावर चालते. कुलूपवाल्या चकतीसाठी व्हीएलसीच्याच मंडळींचं ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ लागतं. डेबियन, उबुंटू किंवा मिंटवर ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ नावाचं पॅकेज शोधा. त्यात कुलूप उघडणारं काहीच नसतं! मूळ ठिकाणाहून लिबडीव्हीडीसीएसएस उतरवून तुमच्याच संगणकावर बांधून देणं एवढंच त्याचं काम. वितरकाने वाटलं नाही, तुम्ही आणलंत. पॅकेज टाकल्यावर त्याची जुळणी एकदा पुन्हा चालवावी लागते. नवखे लोक नेमके तिथे थांबतात. फेडोरावर लिबडीव्हीडीसीएसएस आरपीएम फ्यूजनच्या ‘टेंटेड’ साठ्यात सापडतं.

ड्राइव्ह नवा असेल तर त्याचा विभागही (रीजन) पाहा. भारत विभाग ५ मध्ये येतो. ड्राइव्हचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा ठरतो. तेव्हा परदेशातून आणलेल्या चकतीसाठी घाईने बदलू नका.

आणि घरच्या लग्ना-मुंजींच्या डीव्हीडी? त्यांना हे कुलूप नसतंच. किल्ल्या ज्या पट्ट्यात असतात, तो कोऱ्या डीव्हीडीवर आपल्याला लिहिता येत नाही. अशी चकती अडली तर दोष कोडेकचा किंवा ओरखड्यांचा. चालतेय तोवर ती हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. या चकत्यांमधला रंगद्रव्याचा थर हळूहळू निकामी होतो, आणि नव्या लॅपटॉपांत ड्राइव्ह मिळणंही आता जवळपास बंद झालं आहे.