वाऱ्याच्या विहिरींतील पोहणें

विमानांतून उडी टाकून कांहीं काळ तसेंच खालीं येत राहावयाचें, व मग हवाई छत्री उघडून भूमीवर उतरावयाचें, ह्या धाडसी खेळास स्कायडायव्हिंग म्हणतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं २००४ सालीं उत्तर ध्रुवावर अशी उडी घेतली, आणि तीहि पूर्वीं सरावाची एकहि उडी न घेतां घेतली. हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांची छाती फुगली असेल. परंतु 'हें आपल्या आवांक्यांतलें नव्हे' असें म्हणून पुष्कळांनीं पानहि उलटलें असेल. अशांसाठीं ह्या खेळाचा एक धाकटा भाऊ आहे. त्यांत विमान नाहीं, छत्री नाहीं, खरें म्हटलें तर उडीहि नाहीं. आणि तरी मनुष्य हवेंत तरंगतो. त्यास इनडोअर स्कायडायव्हिंग असें नांव आहे. हैदराबादेस २०२२ सालीं अशी सोय झाल्यापासून मुलांच्या बोलण्यांत हा विषय वरचेवर येतो, व 'मुलास पाठवावें काय?' असें पालकहि विचारतात. गेल्या दिवाळीच्या सुटींत भाच्याबरोबर तेथें जाण्याचा योग मला आला. म्हणून हा लेख.

प्रथम त्यांतील तत्त्व पाहूं. उंचावरून पडणाऱ्या मनुष्याचा वेग सारखा वाढतच जातो, असा पुष्कळांचा समज असतो. तसें होत नाहीं. वेग वाढतो तसा हवेचा विरोधहि वाढतो, व तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला कीं विरोध चौपट. पोटावर आडवा होऊन पडणाऱ्या मनुष्याचा वेग ताशी सुमारें १९० ते २०० किलोमीटर झाला कीं हवेचा वरचा रेटा त्याच्या वजनाइतका होतो, आणि पुढें वेग वाढत नाहीं. आतां मनुष्यानें हवेंतून खालीं येण्याऐवजीं हवाच त्याच वेगानें खालून वर सोडली तर? मनुष्य जागच्या जागीं तरंगेल. ही कल्पना अमेरिकेंतील ओहायो राज्यांतल्या राइट-पॅटरसन येथील लष्करी विमानतळावर १९६४ सालीं जॅक टिफनी यांनीं स्वतः उभ्या वातबोगद्यांत तरंगून खरी करून दाखविली. पुढें कॅनडाचे झां सँ-जेर्में यांनीं ती सामान्य जनांच्या करमणुकीस लावली. २००६ सालीं ट्युरिन येथील हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपांत असे तरंगणारे कलावंत साऱ्या जगानें पाहिले, आणि २०१५ सालीं प्राग येथें ह्या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

यंत्राची रचना कळली म्हणजे निम्मी भीति जाते, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों. कांचेच्या भिंतींची एक उभी, विहिरीसारखी खोली असते. तळाशीं पोलादी तारांची घट्ट जाळी असते. तीवर मनुष्य सुखानें उभा राहूं शकतो. पुष्कळ ठिकाणीं पंखे वरच्या बाजूस असून ते हवा वर ओढतात, व तीच हवा बाजूच्या मार्गांनीं पुन्हां खालीं आणली जाते. जाळीच्या खालीं हा मार्ग अरुंद केलेला असतो. रुंद पात्रांतील संथ नदी खिंडींत शिरतांच वेग घेते, तसेंच हवेचें होतें. उलट, खोलीच्या वर मार्ग पुन्हां रुंद होत जातो. 'मूल वर ओढलें जाऊन पंख्यांत तर सांपडणार नाहीं ना?' ह्या प्रश्नाचें उत्तर ह्या रुंदींत आहे: जो फार वर जाईल त्यास तेथें वाऱ्याचा वेग कमी लागतो, आणि तो आपोआप खालीं उतरतो.

आतां पोटांतील गोळ्याविषयीं. जत्रेंतील उंच पाळणा वरून खालीं येऊं लागला कीं पोटांत गोळा उठतो, हें ज्यानें अनुभविलें नाहीं असा वाचक विरळा. तें कशानें होतें? पाळणा खालीं येतांना आपणांस मिळणारा बैठकीचा आधार एकाएकीं कमी होतो, वेग क्षणोक्षणीं वाढतो, आणि ही वार्ता पोटांतील इंद्रियें व कानांच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय मेंदूस देतात. वाऱ्याच्या विहिरींत असें कांहीं घडत नाहीं. तेथें वेग वाढत नाहीं व आधारहि सुटत नाहीं. हवा बाजेसारखी अंगाखालीं असते. म्हणून तेथें पडल्यासारखें मुळीच वाटत नाहीं. हें सर्व मी वर्गांत अनेक वेळां शिकविलें आहे. तरीहि दारापाशीं माझे पाय लटपटले हें सांगितलें पाहिजे.

त्याचें मुख्य कारण उंची नव्हे, आवाज. कानांत बोळे घातले असले तरी तो घोंगावणारा नाद छातींत घुमतो. बोलणें अशक्य, म्हणून शिक्षक हातांच्या खुणांनीं बोलतो. दोन बोटें सरळ केलीं तर पाय लांबवावे. वांकविलीं तर गुडघे वांकवावे. हनुवटीखालीं बोट नेलें तर मान वर. अंगठा व करंगळी पसरून पंजा हालविला तर अंग सैल सोडावें. ही शेवटची खूण मला किती वेळां झाली तें भाचा अजून घरीं मोजून सांगतो.

आंत उडी मारावयाची नसते. हात वर धरून, हनुवटी उंच ठेवून, उंबऱ्यावरून नुसतें पुढें कलावयाचें, वारा झेलतो. मीं प्रथम श्वासच कोंडून धरला, जणूं पाण्यांत बुडी घेतली होती! वास्तविक तेथें नाकानें सुखानें श्वास घेतां येतो. शरीर मात्र फळीसारखें ताठ झालें व डावीउजवीकडे हेलकावूं लागलें. ह्याचेंहि कारण समजण्याजोगें आहे. बॅडमिंटनचें फूल कसेंहि फेका, त्याचा जड भाग पुढें व पिसें मागें राहतात. मनुष्यानें पोट खालीं सोडून हातपाय सैल ठेवले कीं वारा ते थोडे वर उचलतो, व शरीराचा आकार त्या फुलासारखा होऊन तें स्थिर राहतें. ताठ फळीस हें साधत नाहीं. पोहावयास शिकतांना कमरेस भोपळा बांधलेला असूनहि जो घाबरून हातपाय आखडतो, तोच अधिक गटांगळ्या खातो, तसाच हा प्रकार. पाळी एका मिनिटाची; पुरतें विमानांतून तेरा हजार फुटांवरून उडी घेणारासहि छत्री उघडण्यापूर्वीं साधारण तेवढाच वेळ मिळतो. दुसऱ्या पाळींत शिक्षकानें हात सोडला, आणि दहाबारा सेकंद मी एकटा तरंगलों. पाय लांबविले तर पुढें, गुडघे वांकविले तर मागें. आपल्या पायांच्या हालचालीनें वाऱ्यावर चालतां येतें हा अनुभव मोठा विलक्षण आहे.

पालकांस दोन शब्द. ज्याचा खांदा पूर्वीं निखळला आहे, ज्यास मानेचें वा पाठीचें दुखणें आहे, त्यानें ह्या फंदांत पडूं नये. गर्भवती स्त्रियांनींहि नाहीं. वजनाची मर्यादा असते, ती आधीं विचारावी. ही करमणूक स्वस्त नव्हे, आणि शाळेच्या सहलीस मी ती सुचविणार नाहीं.

आणखी एक. आमच्या तुकडींत दहाअकरा वर्षांचा एक मुलगा होता. पोशाख चढवून झाल्यावर त्यास रडूं कोसळलें. वडील म्हणाले, "एवढीं लहान मुलें जातात, तूं कसला भितोस?" मुलगा अधिकच आखडला. तेव्हां शिक्षक त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला, आणि आज आंत न जातां नुसतें पाहावें असें त्यानें सुचविलें. मला तें फार योग्य वाटलें. जें मूल ढकललें जातें तें डोळे मिटून घेतें, व मिटल्या डोळ्यांनीं खुणा दिसत नाहींत. माझी दुसरी पाळी आटोपून मी बाहेर आलों तेव्हां तो मुलगा कांचेस नाक लावून उभा होता. शिक्षकाचीं दोन बोटें वांकलीं कीं तोहि आपले गुडघे वांकवी. त्याचे वडील तिकिटाच्या खिडकीपाशीं उभे राहून, उद्यांची वेळ मिळेल काय, अशी चौकशी करीत होते.