संगीतश्रवणासाठी लघुत्तम संगणक प्रणाली : रचना, उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना

संगणकावरून संगीत ऐकविणे ही महाविद्यालयीन अध्यापनातील नित्याची बाब झाली आहे. संगीत विभागातील श्रवणवर्ग असोत वा भाषा विभागातील लोकगीतांचे अध्ययन, कॅसेट व तबकडी यांची जागा संगणकातील फाईलींनी घेतली आहे. दुसरीकडे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण तांत्रिक आधार संपुष्टात आल्याने, सुस्थितीतील अनेक जुने संगणक अडगळीत जाण्याची शक्यता निर्माण झाली आहे. सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील वळसंगसारख्या गावातील शिक्षणसंस्थेस अशा एखाद्या संगणकातून दर्जेदार श्रवणसाधन उभारता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह ठरतो. केवळ संगीत वाजविण्यापुरती ऑपरेटिंग सिस्टिम कशी घडविली जाते, तिच्यापासून नेमका कोणता लाभ होतो व कोणता होत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ध्वनीचे अंकीय स्वरूप

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. तीत प्रत्येक वाहिनीसाठी ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदविला जातो. दोन वाहिन्यांचा हा प्रवाह सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट इतका होतो. फ्लॅक या २००१ पासून प्रचलित असलेल्या पद्धतीने हा साठा कमी जागेत बसविता येतो आणि वाजविताना मूळ अंक जसेच्या तसे परत मिळतात. आजच्या दृष्टीने हे काम इतके हलके आहे, की पंधरा वर्षांपूर्वीचा संगणकही ते सहज पेलतो.

सर्वसाधारण प्रणालीतील अडथळे

तरीही दोन ठिकाणी अडचण संभवते. पहिली अडचण नमुनादराची. अनेक प्रणालींत निरनिराळ्या आज्ञावलींचे आवाज एकत्र करणारा मध्यस्थ थर असतो. तो सर्व ध्वनी एकाच दराने, बहुधा ४८,००० नमुन्यांनी, पुढे पाठवितो. अशा वेळी दर १४७ मूळ नमुन्यांमागे १६० नवे नमुने गणिताने काढावे लागतात. ही आकडेमोड काटेकोर असल्यास फरक कानाला जाणवत नाही, मात्र मूळ अंक बदललेले असतात.

दुसरी अडचण वेळेची. ध्वनीचे अंक बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात भरले जातात व तेथून ठरावीक गतीने बाहेर पडतात. विहिरीवरील हौदाप्रमाणे याचे कार्य चालते : भरणे थांबत-थांबत झाले तरी हौद रिकामा होत नाही तोवर पाटाचे पाणी अखंड वाहते. विषाणुरोधक तपासणी किंवा आपोआप होणारे अद्ययावतीकरण यांत संगणक गुंतला आणि बफर रिकामा पडला, तर ध्वनीत खंड पडतो वा टकटक ऐकू येते.

हिंदुस्थानी संगीतात हा दोष विशेष खटकतो. मिरजेच्या कारागिरांनी घडविलेल्या तंबोऱ्याचा नाद जवारीमुळे स्वरांशांनी समृद्ध होतो आणि गायनाखाली अखंड वाहत राहतो. त्यातील क्षणभराचा खंडही लक्ष विचलित करतो. त्यामुळे तंबोऱ्याचे दीर्घ ध्वनिमुद्रण हे अशा संगणकाच्या परीक्षणाचे साधे व उत्तम साधन होय.

लघुत्तम प्रणालीची रचना

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेला लिनक्स हा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मुक्त असल्याने त्यातील अनावश्यक भाग वगळता येतात. बिल्डरूटसारख्या साधनाने कर्नल, बिझीबॉक्स हा मूलभूत आज्ञांचा संच, ध्वनियंत्रणेशी संवाद साधणारे अल्सा आणि म्युझिक प्लेअर डीमन ही वादक आज्ञावली एवढेच घटक एकत्र करून काही दशक मेगाबाइटांची प्रणाली तयार करता येते. पडद्यावरील चित्रमय मांडणीची गरज उरत नाही. गीताची निवड स्थानिक जाळ्यावरून भ्रमणध्वनीद्वारे होते. वादक आज्ञावली अल्साच्या साहाय्याने ध्वनियंत्रणेशी थेट जोडल्यास मधला थर टळतो. मात्र आवाजाचे नियंत्रण संगणकात न करता वर्धकावर करावे लागते, कारण संगणकातील नियंत्रणानेही अंक बदलतात.

प्रणालीची फाईल-व्यवस्था केवळ वाचनीय ठेवून ती सुरुवातीसच स्मृतीत उतरविली, तर वीज अचानक गेल्यानेही प्रणालीतील फाईली बिघडत नाहीत. ग्रामीण भागात हा लाभ ध्वनीच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा मानावा लागेल. कर्नलला तत्काळ प्रतिसाद देण्यास भाग पाडणारी योजना २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीत मूळ लिनक्समध्ये समाविष्ट झाली. परंतु तिची गरज प्रत्यक्ष वादन व मुद्रण एकाच वेळी चालते तेथे भासते. केवळ श्रवणासाठी पुरेसा मोठा बफर ठेवणे हाच सोपा उपाय होय.

मर्यादा व परीक्षण

प्रणाली जितकी लहान तितका ध्वनी अधिक ‘गोड’, असा दावा अनेकदा केला जातो. तो तपासूनच घ्यावा. असिंक्रोनस पद्धतीच्या यूएसबी रूपांतरकात नमुन्यांची लय त्याच्या स्वतःच्या स्फटिक-घड्याळाने ठरते. अंक न बदलता व वेळेवर पोहोचले, की प्रणालीचे कार्य संपते. त्यापुढील गुणवत्ता रूपांतरक, वर्धक, ध्वनिक्षेपक आणि वर्गखोली यांवर अवलंबून असते. मुद्रण मुळातच सदोष असल्यास कोणतीही प्रणाली ते सुधारू शकत नाही.

मायर व मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उच्च नमुनादराचा ध्वनी व तोच सीडीच्या दर्जास आणलेला ध्वनी यांतील फरक ओळखताना श्रोत्यांची अचूक उत्तरे निम्म्याच्या आसपासच राहिली. राइस यांच्या २०१६ मधील एकत्रित विश्लेषणात अल्पसा फरक ओळखला जात असल्याचे आढळले. यावरून, फरक असलाच तर तो किती सूक्ष्म आहे हे ध्यानी येते. दोन प्रणालींची तुलनाही, कोणती प्रणाली वाजत आहे हे श्रोत्यास न सांगता व आवाजाची पातळी समान ठेवूनच केली पाहिजे.

निष्कर्ष

लघुत्तम प्रणालीमुळे ध्वनीत नवे काही भर पडत नाही. मुद्रणातील अंक अविकृत व अखंड पोहोचण्याची हमी मात्र वाढते. ही हमी निर्लेखित होऊ घातलेल्या संगणकातून, मुक्त आज्ञावलींच्या आधारे, अल्प खर्चात मिळू शकते. वाचलेला निधी चांगल्या ध्वनिक्षेपकांवर व दर्जेदार मुद्रणांच्या संग्रहावर खर्च करणे अधिक हितावह ठरेल. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रणाली घडवावी आणि संगीताच्या विद्यार्थ्यांनी ती कानाने पारखावी, असा संयुक्त प्रकल्प दोन्ही विभागांस उपयुक्त होईल.