वेष्टनावरचा जमाखर्च

गाण्याच्या तबकडीच्या वेष्टनावर गायकाची छबी, कंपनीचे बोधचिन्ह आणि गाण्यांची नावे एवढाच मजकूर असावा, हा वर्षानुवर्षे चालत आलेला रिवाज मँचेस्टरच्या चार तरुणांनी मोडला, आणि तोही कसलाच गाजावाजा न करता. त्यांच्या ‘बझकॉक्स’ या बँडची ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची सात इंची तबकडी २९ जानेवारी १९७७ रोजी बाहेर पडली, तेव्हा तिच्या वेष्टनावर प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या खेपेस मुद्रित झाले आणि मागाहून त्यावर गिटारचा आणखी एखादा थर चढवला की नाही, याची नोंद एखाद्या दक्ष कारकुनाने करावी तशी केलेली होती. चारांपैकी तीन गाणी पहिल्याच खेपेस उरकलेली! वेष्टनावरचे छायाचित्रही कोणा नामांकित कलावंताने काढलेले नव्हते. शहराच्या मध्यभागी रॉबर्ट पीलचा जो पुतळा आहे, त्याच्या चौथऱ्यापाशी चौघांना उभे करून बँडच्या व्यवस्थापकाने ते पोलरॉइड कॅमेऱ्याने टिपले होते.

नव्या ध्वनिमुद्रिका जगभर एकाच दिवशी, म्हणजे शुक्रवारी, प्रसिद्ध करण्याची पद्धत २०१५ पासून पडली आहे. लंडन, लीड्स, ग्लासगो, डब्लिन अशा शहरांतून दर शुक्रवारी स्वतंत्र बाण्याच्या बँडांची जी नवी गाणी बाहेर पडतात, आणि ज्यांना नियतकालिके कधी ‘इंडी’, कधी ‘गिटार-पॉप’, तर कधी ‘पोस्ट-पंक’ अशी लेबले चिकटवून मोकळी होतात, त्यांची वंशावळ मागे नेत गेल्यास आपण बहुधा या वेष्टनाशीच येऊन ठेपतो. या संगीताचा इतिहास सामान्यतः वेशभूषेचा, केशरचनेचा आणि बंडखोरीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो मुख्यतः हिशेबाच्या वहीचा इतिहास वाटतो. त्यातले सूर पुष्कळदा आणे-पैच्या विवंचनेतून निघालेले आहेत.

त्या काळच्या ब्रिटनमध्ये तबकडी काढायची म्हणजे एखाद्या बड्या कंपनीच्या दरबारी अर्ज गुदरणे आले. कंपनीची मर्जी बसली तर ती आगाऊ रक्कम देई, ध्वनिमुद्रण करवून घेई, जाहिरात करी. पण हा सारा खर्च कलावंताच्याच मानधनातून वळता होई, आणि तो फिटल्यावरही मूळ ध्वनिफितीची मालकी कंपनीच्याच दप्तरी राही. बझकॉक्सच्या मंडळींनी नातलगांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड कर्जाऊ घेतले (त्यात गिटारवादक पीट शेली याच्या वडिलांचाही वाटा होता), २८ डिसेंबर १९७६ रोजी काही तासांत चार गाणी मुद्रित केली, ‘न्यू हॉर्मोन्स’ या नावाची स्वतःची कंपनी कागदोपत्री उभी केली आणि हजार प्रती काढल्या. पुढे मागणी वाढत जाऊन सुमारे सोळा हजार प्रती खपल्या. ध्वनिमुद्रणाची सूत्रे ज्या मार्टिन हॅनेटने सांभाळली, त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

१९७७ मध्येच लंडनच्या ‘डेस्परेट बायसिकल्स’ने एकशे त्रेपन्न पौंडांत पहिली तबकडी काढून दाखवली. पैसे वाचावेत म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना तीच दोन गाणी होती. पुढच्या तबकडीच्या वेष्टनावर त्यांनी हा आकडा जाहीर करून टाकला. १९७८ मध्ये ‘स्क्रिटी पॉलिटी’ने त्यावरही कडी केली. त्यांच्या पहिल्या तबकडीचे वेष्टन म्हणजे झेरॉक्स केलेला, हाताने दुमडलेला कागद, आणि त्यावर ध्वनिमुद्रणाचा खर्च किती, तबकड्या दाबून घेण्याचा किती, लेबलांचा किती, असा कलमवार जमाखर्च! धंद्याचे जे गुपित कंपन्या तिजोरीत ठेवीत, ते या पोरांनी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवले. मराठी वाचकाला यात अपरिचित असे काही वाटू नये. साठीच्या दशकात अशोक शहाणे यांच्या ‘असो’पासून पुढे मुंबईत जी अनियतकालिके निघाली, त्यांच्या कर्त्यांनाही प्रस्थापित प्रकाशकाच्या उंबरठ्यावर ताटकळण्यापेक्षा स्वतःच कागद आणून, स्वतःच छापून मोकळे होणे अधिक इभ्रतीचे वाटले होते.

तथापि तबकडी काढणे ही निम्मीच लढाई होय. ती एडिंबरापासून ब्रिस्टलपर्यंतच्या दुकानांत पोचणार कशी? या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागातल्या एका दुकानाने दिले. जेफ ट्रॅव्हिसने १९७६ मध्ये उघडलेले ‘रफ ट्रेड’ हे दुकान सहकारी तत्त्वावर चाले आणि तेथे सर्वांना सारखे वेतन मिळे. कोणी स्वतःची तबकडी घेऊन आला की तीनचारशे प्रती ठेवून घ्यायच्या, इतर गावांतल्या दुकानदारांना धाडायच्या, आणि पैसे रोख चुकते करायचे, हा त्यांचा परिपाठ. यातूनच लिव्हरपूल, यॉर्क, ब्रिस्टल, नॉर्विच, एडिंबरा येथल्या दुकानांची ‘कार्टेल’ नावाची वितरणव्यवस्था उभी राहिली. रफ ट्रेडने १९७८ मध्ये स्वतः तबकड्या काढण्यास आरंभ केला, तेव्हा करार साधा ठेवला: खर्च वजा जाता जो नफा उरेल, तो निम्मा कंपनीचा, निम्मा कलावंताचा. मँचेस्टरच्या ‘फॅक्टरी’चे टोनी विल्सन त्याही पुढे गेले. संगीतावर मालकी वादकांची, कंपनीची कशावरही नाही, असे त्यांनी लिहून दिले. हे औदार्य १९९२ मध्ये त्यांना भोवले. कंपनी डबघाईस आली आणि एक बडी कंपनी ती विकत घेण्यास पुढे सरसावली, तेव्हा विकण्यासारखी मालमत्ताच आपल्या नावावर नाही, हे उघडकीस आले. रफ ट्रेडची वितरणसंस्था तर त्याआधीच, १९९१ मध्ये, कोसळली होती. सचोटीचा जमाखर्च नेहमी जमेच्या बाजूनेच मिळतो, असा भ्रम कोणी बाळगू नये.

आता या काटकसरीचा सुरांवर झालेला परिणाम पाहू. तोवरच्या रॉक संगीतात गिटारवादक हा राजा होता; प्रचंड ॲम्प्लिफायर, लांबच लांब घोळवलेले स्वर आणि पाच पाच मिनिटे चालणारे स्वतंत्र वादन हे त्याचे वैभव. पोस्ट-पंकच्या पिढीने हे सिंहासनच काढून टाकले. बझकॉक्सच्या ‘बोअरडम’ या गाण्यातले गिटारचे स्वतंत्र वादन केवळ दोन स्वरांचे आहे, आणि ते दोनच स्वर इतक्या निर्विकारपणे पुन्हा पुन्हा येतात की, ऐकणाऱ्याला प्रथम हसू येते आणि मग वादकाची खोच ध्यानात येते. लीड्सच्या ‘गँग ऑफ फोर’चा अँडी गिल हा, इतर वादक ज्यांच्या उबदार गुंजनासाठी जीव टाकीत ते व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर मुद्दाम टाळून, ट्रान्झिस्टरचे वापरी, त्यामुळे त्याच्या गिटारचा आवाज कोरडा, ओरखडे काढणारा येतो, आणि दोन आघातांमधली रिकामी जागाही वाद्याइतकीच ऐकू येते. (त्यांचे ‘एंटरटेनमेंट!’ मात्र १९७९ मध्ये ईएमआयसारख्या बड्या कंपनीनेच काढले. माझ्या हिशेबवहीच्या सिद्धांताला येथे भोक पडते, हे कबूल केलेच पाहिजे.) गिटारने मोकळी केलेली जागा बेस गिटारने घेतली. लंडनच्या ज्या वस्त्यांत ही मंडळी राहत, तेथे जमैकाहून आलेल्या लोकांच्या घरांतून रेगे संगीत रात्रंदिवस कानी पडे, आणि त्या संगीतात खर्जातला बेस हाच पुढारी असतो. ‘जॉय डिव्हिजन’चा पीटर हुक तर बेसवर वरच्या पट्टीतल्या सुरावटी वाजवू लागला, याचे कारण त्याने स्वतःच सांगितले आहे: त्याचा ॲम्प्लिफायर इतका सुमार होता की, तालमीत खालच्या पट्टीतले स्वर त्याला ऐकूच येत नसत. दारिद्र्यातून शैली जन्मते ती अशी. १९७९ च्या ‘अननोन प्लेझर्स’मध्ये याच वादनाभोवती हॅनेटने जी थंडगार, प्रशस्त पोकळी निर्माण केली, तिचे अनुकरण आजही थांबलेले नाही.

गिटार-पॉपची शाखा ग्लासगोत फुटली. तेथल्या ‘पोस्टकार्ड’ या चिमुकल्या कंपनीने १९८० मध्ये ‘ऑरेंज ज्यूस’ची पहिली तबकडी काढली. ज्या काळी गंभीर चेहरा हाच प्रतिभेचा दाखला समजला जाई, त्या काळी हे तरुण अमेरिकी नृत्यसंगीतातल्या खणखणीत, लयबद्ध गिटारची ओढ उघडपणे मिरवीत आणि प्रेमभंगाची गाणी हसतमुखाने गात. १९८३ पासून ‘स्मिथ्स’च्या जॉनी मारने हाच स्वच्छ, झुळझुळता आवाज घरोघर पोचवला.

‘स्वतंत्र’ कोणाला म्हणावे, याचा कायदेशीर निवाडा जानेवारी १९८० मध्ये सुरू झालेल्या इंडी खपयादीने करून टाकला होता. तबकडीचे वितरण बड्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेर झाले, तर ती स्वतंत्र. संगीत कसले आहे, याची चौकशी नाही. या नियमाची गंमत अशी की, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कायली मिनोगची चकचकीत नृत्यगीते केवळ वितरणाच्या या मुद्द्यावर त्या यादीत विराजमान झाली, आणि दाटीवाटीच्या खोल्यांत सहा तारा छेडणाऱ्या निष्ठावंतांचा तिळपापड झाला. १९८६ मध्ये ‘एनएमई’ साप्ताहिकाने ‘सी ८६’ ही बावीस बँडांची कॅसेट काढली, आणि त्या नावाचाच पुढे एक संप्रदाय झाला.

त्या संप्रदायातली मला सर्वांत आवडती पेढी म्हणजे क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स यांची ब्रिस्टलमधली ‘सारा रेकॉर्ड्स’. एकच गाणे रसिकाला दोनदोनदा विकत घ्यायला लावण्याचा धंद्यातला सरावलेला प्रकार त्यांनी निषिद्ध मानला. १९८७ ते १९९५ या काळात त्यांनी आपल्या प्रकाशनांचे क्रमांक शंभरापर्यंत नेले (पन्नासावा क्रमांक म्हणजे तबकडी नसून घरी खेळायचा एक पट होता!) आणि शंभरावा निघताच कंपनी आपण होऊन बंद केली. त्या काळच्या समीक्षकांनी या गाण्यांची ‘मुळमुळीत’ म्हणून संभावना केली. त्या कुत्सितपणात पुरुषी अहंकाराचाही अंश होता, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

आजच्या नव्या तबकड्यांकडे वळल्यावर प्रथम जाणवते ते हे की, जमाखर्चाचे रकाने तेच असले, तरी आकड्यांनी जागा बदलल्या आहेत. ध्वनिमुद्रण एका लॅपटॉपवर, जवळजवळ फुकट होते. वितरणाला दुकानाची गरज उरलेली नाही. दुर्मीळ झाला आहे तो श्रोत्याचा कान. स्पॉटिफायने २०२४ पासून वर्षाकाठी हजार वेळा न वाजलेल्या गाण्यापोटी काहीही देणे बंद केले. उलट ‘बँडकॅम्प’ या विक्रीकेंद्रावर गाणे विकले गेल्यास साधारणतः पंधरा टक्के अडत कापली जाते, आणि मार्च २०२० मध्ये साथीमुळे जलसे बंद पडले, तेव्हापासून ठरावीक शुक्रवारी ती अडतही माफ करण्याची प्रथा त्यांनी पाडली. निम्म्या वाटणीच्या जुन्या कराराचा हा दूरचा आप्त म्हणावयास हरकत नाही.

जुन्या घाईचा आणि काटकसरीचा वारसा खऱ्या अर्थाने चालवतो तो दक्षिण लंडनमधला डॅन कॅरी. त्याच्या ‘स्पीडी वंडरग्राउंड’ या कंपनीचा दंडक असा की, गाणे एका दिवसात मुद्रित झाले पाहिजे, आणि त्याच्या सात इंची तबकड्या अडीचशेच निघतात. ‘ब्लॅक मिडी’, ‘स्क्विड’, ‘ब्लॅक कंट्री, न्यू रोड’ हे अलीकडचे गाजलेले बँड याच दरवाजातून, आणि ब्रिक्स्टनच्या ‘विंडमिल’ या पबातल्या रंगमंचावरून पुढे आले. आयल ऑफ वाइटच्या दोन मैत्रिणींनी स्थापलेल्या ‘वेट लेग’चा २०२२ मधला पहिला आल्बम बहुतांशी कॅरीनेच घडवला, ‘डॉमिनो’ या स्वतंत्र कंपनीने काढला, आणि तो ब्रिटिश खपयादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

या सर्वांत नव्याने ऐकू इच्छिणाऱ्याने आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारल्यास मी लंडनच्या ‘ड्राय क्लीनिंग’चे २०२१ मधले ‘न्यू लाँग लेग’ हाती देईन. त्यात फ्लोरेन्स शॉ गात नाहीत, बोलतात. आणि बोलतात तेही गर्दीत शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसांच्या बोलण्याचे तुकडे गोळा करून ठेवावेत अशा, भावनेचा जरासाही उमाळा नसलेल्या सुरात. मागे गिटार मात्र स्वतःचे भांडण भांडत असते. पहिल्या ऐकण्यात हे सारे रुक्ष वाटण्याचा संभव आहे. म्हणून शब्दांचा नाद तूर्त सोडून प्रथम फक्त बेसच्या मागे जावे. दोन गाणी सरेपर्यंत शॉबाई मध्येच विनोद करीत आहेत, हे आपोआप कळू लागते.