घोडा पारखून, पिल्लू खोक्यातून

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्या आधाराने वाढलेला हा बाजार शहादा तालुक्याची शान आहे. मारवाडचे, काठेवाडचे, पंजाबकडचे घोडे इथे उतरतात. घोडा पाहावा तसा घेणाराही पाहावा. तो जबडा उघडून दातांवरून वय काढतो, खूर उचलून बघतो, जनावर पळवून घेतो. मारवाडी घोडा असेल तर आत वळलेल्या कानांची टोकं जुळतात का, हे न्याहाळतो. मग भोवरे मोजतो, गळ्याचा देवमणी शोधतो. भोवऱ्याने धन्याचं नशीब उजळतं की नाही, देव जाणे. पण त्या निमित्ताने जनावर नखशिखान्त पाहिलं जातं, हा फायदा काही लहान नाही.

असा चोखंदळ माणूस मुलांच्या हट्टापायी लॅब्राडॉर घ्यायला निघाला की त्याला काय होतं कोण जाणे! मोबाइलवरचा फोटो पसंत पडतो, पैसे पाठवले जातात आणि पिल्लू खोक्यात बसून रात्रीच्या बसने येतं. ना आईबापाचा पत्ता, ना वयाचा.

पिल्लाआधी त्याची आई बघायची असते. ती स्वच्छ जागेत, अंगाने भरलेली, माणसाला न घाबरणारी असेल तर निम्मी पारख झाली. ‘आई गावाला आहे’ असं उत्तर मिळालं तर चहासुद्धा न घेता उठावं. पिल्लू खेळकर हवं, डोळे-नाक कोरडे हवेत, शेपटीखालची जागा स्वच्छ हवी. अंग बारीक आणि पोट मात्र ढोलासारखं असेल तर बहुधा जंत असतात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. किती जोराने चावलं की दुसऱ्याला लागतं, हे ते भावंडांच्या दंगामस्तीत शिकतं. ‘पार्वो’ची लस टोचली आहे का, हे कागदावर बघावं. या रोगात उलट्या आणि रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-चार दिवसांतही जातं. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर, ती चुकवू नये.

आता वंशावळीचा दाखला. मी बँकेत असताना दुभत्या जनावरांची कर्जप्रकरणं टेबलावर येत. कानातला बिल्ला आणि कागदावरचा नंबर जुळला की म्हैस कागदोपत्री ठीक. दूध किती देते, हे गोठ्यात गेल्यावर कळे. केनेल क्लबच्या दाखल्याचंही तेच. तो कूळ सांगतो, प्रकृती सांगत नाही. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आईबापाकडून येतो. म्हणून जबाबदार पैदासकार नर-मादीच्या खुब्यांचे एक्स-रे काढून ठेवतो आणि मागितले की दाखवतो.

कायदाही आहे. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, दीड वर्षाच्या आत मादी फळवायची नाही आणि जन्मभरात तिची पाचांहून जास्त वेत घ्यायची नाहीत. नोंदणीचा कागद मागायला संकोच कसला? किराणा दुकानात आपण तराजू बघतोच ना!

आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सायबेरियाच्या बर्फातला हस्की इथे आणून पंख्याखाली बांधणं, याला हौस म्हणावं की छळ? मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे 2003 नंतर घरोघरी पग आले. चपट्या नाकामुळे त्यांना सावलीतही धाप लागते. त्यापेक्षा आपल्या मुलखाचा कारवानी काय वाईट? उंच, सडपातळ, उन्हाला सरावलेला. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने तो नावारूपाला आणला, म्हणून तिकडे तो मुधोळ हाउंड. 2005 साली टपाल तिकिटावरही तो झळकला. मात्र तो मुळात शिकारी, पळणारा. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याला कोंडायचं असेल तर नाव काढू नये.

चांगला पैदासकार ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तो तुमचीच उलटतपासणी घेतो. घरात दिवसभर कोण असतं? अंगण आहे का? थोरला दहावीला गेला की सकाळी याला कोण फिरवणार? नाही जमलं तर परत आणून द्याल ना, रस्त्यावर तर नाही सोडणार? काहींना याचा राग येतो. पैसे आम्ही मोजायचे आणि वर मुलाखतही आम्हीच द्यायची? द्यावी. शिवाय पिल्लू आणल्यावर दोन दिवसांत पशुवैद्याला दाखवू आणि काही गंभीर निघालं तर परत करू, एवढं आधीच लिहून घ्यावं. तो लिहून द्यायला कां-कू करू लागला, तर बयाणा देऊ नये.