मोटारीच्या हवामापक सेन्सरची घरच्या घरी स्वच्छता

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. भोर तालुक्यातील एक टोमॅटो उत्पादक शेतकरी आपल्या डिझेल पिकअप गाडीत माल भरून पहाटे पुण्याच्या गुलटेकडी बाजाराकडे निघाले. कात्रजच्या चढावर गाडीची ओढ अकस्मात कमी झाली. दुसऱ्या गिअरमध्येही ती रखडू लागली. कशीबशी गाडी बाजारात पोहोचली, तेव्हा खरेदीची ऐन वेळ टळून गेली होती आणि पिकलेला माल पडेल त्या भावाने देणे भाग पडले. दुसऱ्या दिवशी एका दुरुस्तीगृहात त्यांना, "हवेचा सेन्सर गेला, नवीन घालावा लागेल," असे सांगण्यात आले. सेन्सरची किंमत ऐकून ते तसेच परत आले व मजकडे येऊन म्हणाले, "साहेब, माल चांगला पिकवला, पण तो वेळेवर पोहोचेना, तर करायचे काय?"

त्यांचा सेन्सर बिघडलेला नव्हता. तो मळला होता. शेतमालाची वाहतूक करणाऱ्या अनेक बांधवांच्या गाड्यांत असा प्रकार होत असल्यामुळे त्याविषयी माहिती देणे उपयुक्त होईल असे वाटते.

हा सेन्सर कोणते काम करतो?

इंधन जळण्यास हवा लागते. एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे ११ किलो, म्हणजेच जवळजवळ ९,००० लिटर हवा आवश्यक असते. इंजिनात किती हवा येत आहे हे कळल्यावाचून इंधन किती सोडावयाचे हे गाडीतील संगणकास ठरविता येत नाही. हे माप देणारा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढे, हवेच्या नळीत बसविलेला असतो. कारागीर त्यास एअर फ्लो सेन्सर किंवा मॅफ सेन्सर म्हणतात.

त्याची रचना सोपी आहे. आत एक अतिशय बारीक तार किंवा पातळ पट्टी असते व ती विजेने तापवून आजूबाजूच्या हवेपेक्षा ठराविक अंशांनी अधिक उष्ण ठेवलेली असते. बशीतील चहावर फुंकर घातली म्हणजे तो लवकर निवतो. त्याचप्रमाणे येणारी हवा ह्या तारेस निववते. तिची उष्णता टिकविण्यास जितकी अधिक वीज लागते, तितकी हवा अधिक आली असे संगणक समजतो. वैशाखातील उष्ण हवा विरळ असते, तर पौषातील थंड हवा दाट. हा सेन्सर हवेचे आकारमान न मोजता वस्तुमान मोजत असल्याने दोन्ही ऋतूंत माप बरोबर येते.

तो मळतो कसा?

मळणीच्या हंगामातील भुसा, कच्च्या रस्त्यावरील धुरळा आणि इंजिनाच्या तेलाची वाफ ह्यांचा पातळ थर तारेवर बसतो. अंगावर घोंगडी पांघरलेल्या माणसास वारा जाणवू नये, तशी ह्या तारेची अवस्था होते. हवा भरपूर येत असूनही ती कमी येत आहे असे माप संगणकाकडे जाते. डिझेल गाडीत धूर होऊ नये म्हणून संगणक इंधन आखडता घेतो व चढावर ओढ कमी पडते. पेट्रोल गाडीत हवेच्या मानाने इंधन कमी पडून इंजिन उभ्या जागी थरथरते, कधी बंदही पडते. पुढील फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. तपासणी यंत्रावर पी ०१०१ किंवा पी ०१०२ अशा खुणा दिसल्यास संशय ह्याच सेन्सरकडे जातो.

परंतु ही लक्षणे अन्य कारणांनीही उद्भवतात. म्हणून प्रथम एअर फिल्टर तुंबला आहे काय, हवेच्या रबरी नळीस चीर पडली आहे काय, तिची पकड सैल झाली आहे काय व डिझेल फिल्टर बदलण्याची मुदत टळली आहे काय, हे पाहावे.

सर्वच गाड्यांना हा सेन्सर नसतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल जीपगाड्यांत तो नाही; कित्येक लहान पेट्रोल मोटारींत त्याऐवजी दाब मोजणारा निराळा सेन्सर असतो. म्हणून गाडीसोबत मिळालेली पुस्तिका आधी पाहावी. गाडी हमीच्या मुदतीत असल्यास हे काम कंपनीच्या अधिकृत केंद्राकडूनच करून घेणे हिताचे होय.

लागणारे साहित्य

१. मॅफ सेन्सर क्लीनर ह्या नावाने मिळणारा फवाऱ्याचा डबा. तो सुट्या भागांच्या मोठ्या दुकानात मिळतो.
२. सेन्सरच्या स्क्रूस बसेल असा पेचकस. पुष्कळ गाड्यांत चांदणीच्या आकाराच्या तोंडाचा पेचकस लागतो.
३. बॅटरीच्या नटास लागणारा पाना.
४. स्वच्छ कोरडे फडके, हातमोजे व चष्मा.

रॉकेल, पेट्रोल, कार्बोरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर मुळीच वापरू नये. त्यांपैकी काही मागे चिकट थर ठेवतात, तर काहींमुळे प्लास्टिकचे व आतील नाजूक भागांचे नुकसान होते.

कृती

१. गाडी मोकळ्या हवेत, सावलीत उभी करावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व किल्ली काढून घ्यावी. क्लीनर ज्वालाग्राही असल्याने जवळपास विडी, काडी किंवा चूल नसावी.
२. बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे निगेटिव्ह, तार सोडवावी.
३. फिल्टरचा डबा व सेन्सरभोवतालची धूळ फडक्याने पुसून घ्यावी. हे न केल्यास सेन्सर काढताच धूळ नळीत पडते व तेथून इंजिनात जाते.
४. सेन्सरच्या वायरीचा जोड खटका दाबून सोडवावा. वायर धरून ओढू नये.
५. सेन्सरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो नीट लक्षात ठेवावा. नंतर स्क्रू काढून सेन्सर सरळ बाहेर घ्यावा. नळीचे उघडे तोंड फडक्याने झाकावे.
६. थोड्या अंतरावरून तारेवर किंवा पट्टीवर १० ते १५ वेळा थोडा थोडा फवारा मारावा. सेन्सर असा धरावा की मळ खाली ओघळून जाईल. डब्याचे नळीचे टोक तारेस लागू देऊ नये.
७. सेन्सर सावलीत आपोआप वाळू द्यावा. डब्यावर दिलेल्या वेळेपेक्षा थोडा अधिक वेळ थांबण्याने नुकसान नाही. ओला सेन्सर बसविण्याने मात्र आहे.
८. रबरी कडी शाबूत आहे असे पाहून, झाकलेले फडके आठवणीने काढून, बाणाच्या दिशेने सेन्सर बसवावा. स्क्रू बेताने आवळावेत. प्लास्टिकचे आटे लवकर झिजतात.
९. वायरीचा जोड खटका वाजेपर्यंत बसवावा, बॅटरी जोडावी व इंजिन काही मिनिटे उभ्या जागी चालू ठेवावे.

दिवा लगेच न विझल्यास घाबरू नये. काही फेऱ्यांनंतर तो स्वतः जातो, किंवा तपासणी यंत्राने घालविता येतो.

माझी स्वतःची चूक

येथे एक कबुली देणे मला कर्तव्य वाटते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मोटारीचा सेन्सर मी कापसाच्या बोळ्याने पुसला. बोळ्याचा धागा अडकला आणि केसाहून बारीक अशी ती तार तुटली. शेतकऱ्यास बियाणे हळुवार हाताळण्याचा उपदेश करणाऱ्या मजसारख्यास ही शिकवण नव्या सेन्सरची किंमत मोजून घ्यावी लागली. म्हणून आग्रहाने सांगावेसे वाटते, की तारेस बोट, ब्रश, कापूस, काडी ह्यांपैकी काहीही लावू नये. पंक्चरच्या दुकानातील हवेचा झोतही मारू नये. सेन्सरचा आतील भाग उघडू नये.

मळ पुन्हा बसू नये म्हणून

मूळ उपाय एअर फिल्टरची निगा हाच आहे. पुस्तिकेत दिलेली मुदत साधारण रस्त्यांसाठी असते. धुळीच्या रस्त्यावर त्याहून लवकर तपासणी करावी. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. तो फाटला किंवा त्याची कड बसली असल्यास बदलावा. तेल लावून पुन्हा वापरावयाचा फिल्टर असल्यास तेल बेतानेच लावावे, कारण जादा तेल उडून थेट सेन्सरवर बसते. ट्रॅक्टरच्या तेलाच्या गाळणीतील गाळ आपण जितक्या नेमाने काढता, तितकीच नेमस्त नजर गाडीच्या फिल्टरकडेही असावी. सेन्सर मात्र उगीच वरचेवर काढू नये. फिल्टर बदलताना पाहणी करावी व मळ दिसल्यासच स्वच्छ करावा.

स्वच्छ करूनही दोष कायम राहिला, तर नवीन सेन्सर घेण्यापूर्वी वायरीचा जोड गंजला आहे काय व उंदराने वायर कुरतडली आहे काय, हे जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावे. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा प्रकार दुर्मीळ नाही.

वर उल्लेखिलेल्या शेतकऱ्यांची गाडी आम्ही त्यांच्याच अंगणात, सुमारे तासाभरात स्वच्छ केली. खर्च फवाऱ्याच्या एका डब्याचा आला. पुढील खेपेस पूर्ण भरलेली गाडी कात्रजचा चढ न रखडता चढून गेली व उजाडण्यापूर्वी टोमॅटोचे क्रेट बाजारात उतरले. उरलेला अर्धा डबा त्यांनी शेजाऱ्यास दिला. सोबत कापूस न लावण्याची ताकीदही दिली.